न बोलावता केलेली सेवा



आजचा विषय आम्हाला इथल्या तरुणांनी दिला, आम्ही निवडला नाही. त्यांच्या मोबाइलवर जाहिराती येतात : परदेशात जा, दोन किंवा चार आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करा, तिथल्या संस्कृतीत ‘इमर्शन’ घ्या, समाजसेवा करा, प्रमाणपत्र मिळवा. फी भरायची असते, विमानाचं तिकीट वेगळं. मुलांचा प्रश्न साधा होता : सर, हे चांगलं का वाईट?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो आधी शब्द तपासायला बसतो. ही आमची जुनी खोड. पण इथे तिचा उपयोग आहे, कारण या जाहिरातीतले दोन्ही शब्द, सेवा आणि इमर्शन, बरंच काही झाकून ठेवतात.

सेवा हा शब्द घ्या. आपल्या भाषेत सेवा म्हटली की सेवक आला आणि ज्याची सेवा करायची तो सेव्यही आला. आई आजारी आहे, मुलगा सेवा करतो. काय हवं, कधी हवं, हे आई सांगते. दिंडीत कुणी वारकऱ्यांचे पाय चेपतो, तेव्हा वारकरी जरा वरच्या जागी असतो आणि पाय चेपणारा खाली. म्हणजे आपल्या कल्पनेतल्या सेवेत हुकूम ज्याची सेवा होते त्याचा चालतो. आता जाहिरात बघा. काम कोणतं, ते कंपनी ठरवते. किती दिवस, ते तरुणाच्या सुट्टीवर अवलंबून. कुठल्या देशात, ते तिकिटाच्या दरावर. ज्याची सेवा होणार त्याला यातलं काही विचारलेलं नसतं. सेव्याचा आवाज नसलेल्या सेवेला सेवा म्हणावं का, हा आमचा पहिला प्रश्न.

दुसरा शब्द इमर्शन, म्हणजे बुडी. विहिरीत पोहायला शिकलेल्या इथल्या प्रत्येकाला बुडी म्हणजे काय ते ठाऊक आहे. पाय काठावर ठेवून बुडी मारता येत नाही. परतीचं तिकीट खिशात, राहायची सोय वेगळ्या वसतिगृहात, जेवण आपल्या पोटाला सोसेल असं, भाषेचे चार शब्द, आणि रोज संध्याकाळी फोटो. याला पाय भिजवणं म्हणा. पाय भिजवण्यात वाईट काही नाही. पण त्याला बुडी म्हटलं की भाषेत खोट शिरते, आणि भाषेत शिरलेली खोट पुढे वागण्यातही उतरते.

आता आम्ही नुसतं नाही म्हणायला आलेलो नाही. परदेशी जाऊन परक्या लोकांची सेवा करण्याची एक अस्सल गोष्ट आपल्याच भागात घडलेली आहे. माणूस सोलापूरचा. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. जपानने चीनवर आक्रमण केलं होतं. चिनी सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधांची मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकवर्गणी झाली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होत होते, म्हणजे इथे मागच्या रांगेत बसलेल्या मुलांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे.

पुढचा तपशील नीट ऐका, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पथक १९३९ च्या सुरुवातीला येनानला पोचलं. कोटणीस चिनी भाषा बोलायला शिकले, लिहायलाही शिकले. आठव्या मार्ग सेनेच्या हुकमतीखाली त्यांनी काम केलं, आघाडीच्या मागे फिरत जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून तिथे काम करताना १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने गेले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. नुसती शस्त्रक्रिया करून ते थांबले नाहीत, चिनी विद्यार्थ्यांना शिकवलं. तिथेच क्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या तरुणीशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले.

या गोष्टीतून पाच गोष्टी काढून हातात ठेवू. एक, त्यांना बोलावलं होतं. दोन, त्यांच्या हातात असं कसब होतं जे यजमानांकडे कमी पडत होतं. तीन, त्यांनी भाषा शिकली. चार, काम यजमानांच्या हुकमाखाली केलं. पाच, आपल्यामागे काम चालू राहावं म्हणून तिथल्या माणसांना शिकवलं. त्यांच्या मृत्यूला आम्ही या यादीत जागा दिलेली नाही, आणि ते मुद्दाम.

कारण आपल्या समाजाने नेमका मृत्यूच लक्षात ठेवला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचाच अर्थ ‘आणि एक जण परत आला नाही’. त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. चित्रपटाने कोटणीसांचं नाव घराघरात नेलं, हे त्याचे उपकार आहेत. पण नावं बघा : एकात ‘परत आला नाही’, दुसऱ्यात ‘अमर’. स्मरणाचा सगळा भार न परतण्यावर आणि मरणावर पडला. जे चौघे परत आले त्यांचं काय? नागपूरचे डॉ. चोळकर आज किती नागपूरकरांना माहीत आहेत? कलकत्त्याचे डॉ. बसू पुढे चिनी ॲक्युपंक्चर शिकून आले आणि इथे त्यांनी ते रुजवलं. म्हणजे जो द्यायला गेला तो घेऊनही आला. ही बाजू कोणत्याही अमर कहाणीत बसत नाही.

तुम्ही म्हणाल, हे चित्रपटाचं परीक्षण कशाला? कारण त्या स्मरणाचा परिणाम आजच्या जाहिरातीवर आहे. सेवेच्या गोष्टीचा नायक सेवा करणारा असतो, ही सवय आपल्याला अशाच गोष्टींनी लावली. कोटणीसांची गोष्ट चिनी रुग्णाच्या तोंडून किंवा तिथल्या एखाद्या परिचारिकेच्या तोंडून सांगितली तर कशी वाटेल? तिच्या दृष्टीने तो एक परदेशी डॉक्टर, ज्याला आधी बोलता येत नव्हतं, ज्याला तिने शब्द शिकवले, जो हळूहळू कामाचा झाला. कामाचा होण्याचा हा मधला काळ चित्रपटाला कंटाळवाणा वाटतो आणि जाहिरातीला परवडत नाही. सेवेचं खरं काम मात्र त्याच काळात होत असतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. कोटणीस लाखात एक. सगळ्या तरुणांना त्या मापाने मोजलं तर कुणी घराबाहेरच पडणार नाही. मान्य. म्हणून आम्ही दुसरी, अगदी साध्या माणसांची गोष्ट सांगतो. तीही महाराष्ट्रातलीच, फक्त प्रवासाची दिशा उलटी.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात काही तरुण गोळा केले. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांतले तरुण एकत्र दगड-विटा उचलतील, ही कल्पना. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना झाली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः भारतात येऊन राबले. या संघटनेचे तरुण पुढे १९५० च्या दशकात वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले. आनंदवन १९४९ चं, म्हणजे अजून कोवळं होतं. हे परदेशी तरुण कुष्ठरुग्णांसोबत राहिले, जेवले, बांधकाम केलं. भिंती उभ्या राहिल्या, हे खरंच. पण मोठी गोष्ट वेगळी घडली. परदेशातले धडधाकट तरुण तिथे निर्धास्त राहतात हे पाहून वरोऱ्याच्या लोकांच्या मनातली भीती सैल झाली.

आता याचा विचार करू. त्या तरुणांनी नेमकं दिलं काय? विटा रचायला आपल्याकडे गवंडी होते. त्यांनी दिली साक्ष. आपल्या शरीराने त्यांनी सांगितलं की या माणसांसोबत राहता येतं. हे मोलाचं काम होतं आणि त्याला लाखात एक असण्याची गरज नव्हती. पण त्याच घटनेचा दुसरा अर्थही आपण गिळायला हवा. बाबा आमटे आणि साधनाताई तिथे वर्षानुवर्षं राहत होते, त्यांची लहान मुलं तिथे वाढत होती. त्यांची साक्ष गावाला पुरली नाही आणि परक्या देशातल्या पाहुण्यांची पुरली. हा पाहुण्यांचा दोष नाही, आपल्या डोळ्यांचा आहे. बाहेरच्या माणसाने बघितल्याशिवाय आपल्याला आपलाच माणूस दिसत नाही, ही आपली जुनी व्याधी. परदेशी स्वयंसेवक गावात आला की सरपंचापासून सगळे त्याच्यासोबत फोटो काढायला धावतात, ती याच व्याधीची आजची खूण.

मग हे सगळं बाजारात कसं गेलं? १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ स्थापन केली. तरुण अमेरिकन दोन-दोन वर्षांसाठी गरीब देशांत जाऊ लागले, भारतातही आले. पुढे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या योजनेतून विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत येऊन आरोग्यसेवेचं काम करत जवळपास दोन वर्षं राहिल्या. तेव्हा सेवा ही तरुणांचीच मक्तेदारी, असंही नाही. या योजनेमागे शीतयुद्धाचं राजकारण होतं, हे उघड आहे. तरी त्यात दोन वर्षांचा काळ होता, प्रशिक्षण होतं. पुढे काळ आखडत गेला. दोन वर्षांचे दोन आठवडे झाले. प्रशिक्षण गेलं, फी आली. स्वयंसेवक ग्राहक झाला. आणि ग्राहक झाला की त्याचं समाधान हाच माल. त्याला समाधान कशाने मिळतं? गरीब मूल कडेवर घेतल्याने. म्हणून कंबोडिया, नेपाळसारख्या देशांत पाहुण्यांसाठी अनाथाश्रम वाढले, आणि त्यातल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील जिवंत असल्याचं पुढे उघडकीला आलं. मागणी होती म्हणून पुरवठा झाला. इथे चांगल्या हेतूनेच मुलांना आईपासून तोडलं. यावर नुसतं ‘हेतू तर चांगला होता ना’ म्हणून भागत नाही.

हेतूच्या या मुद्द्यावर एका विचारवंताने फार कडक बोलून ठेवलंय. इव्हान इलिच. १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांसमोरच त्यांनी त्यांच्या सद्हेतूंचे वाभाडे काढले. बघायला या, शिकायला या, पण भलं करायला येऊ नका, असा त्यांचा रोख. आम्हाला इलिच अर्धेच पटतात. परक्याने परक्याच्या मदतीला जाऊच नये, असं म्हटलं तर झू दे यांचं पत्र फाडून टाकावं लागेल. दुःखाला देशाची सीमा नसते आणि मदतीलाही असू नये. पण इलिच यांचं उरलेलं अर्धं पक्कं आहे : ज्याला तिथली भाषा येत नाही, त्याला आपण काय बिघडवतोय हे कुणी सांगूही शकत नाही. लोक तक्रार करतात आणि हा त्यांना हसून नमस्कार करतो!

मग भाषा शिकली की सगळं निभावलं का? नाही. त्याचाही दाखला आपल्याच भाषेत आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, तिथेच राहिले. मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, १६१६ मध्ये ते छापलं गेलं. मराठीचं कौतुक करावं तर त्यांनीच. याहून खोल बुडी कुणी मारली असेल? तरी ते आले तेव्हा उत्तर घेऊनच आले होते, प्रश्न विचारायला आले नव्हते. भाषा शिकले ती ते उत्तर आपल्या गळी उतरवण्यासाठी. एक श्रेष्ठ ग्रंथ आपल्याला मिळाला, त्याबद्दल आपण ऋणी आहोतच. पण संस्कृतीशी एकरूप होणं आणि तिच्या माणसांचं म्हणणं ऐकून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा स्वयंसेवक धर्म आणत नाही, ‘विकास’ आणतो. उत्तर तेवढं बदललं.

आता आपल्या उंबरठ्याजवळ येऊ. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनानंतरची पहाट. इथल्या ज्येष्ठांना ती रात्र सांगायला नको. मदतीचा लोट आला, देशातून आला, परदेशातून आला. ती मदत आली नसती तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही, म्हणून पुढचं वाक्य कृतघ्नपणे घेऊ नका. पन्नासहून जास्त गावं नव्या जागी वसवली. कित्येक ठिकाणी सरळ रेषेत रस्ते, एका मापाची घरं, शहरातल्या वसाहतीसारखी. शेळी कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, भावकीने कोणत्या पारावर बसायचं, याला आराखड्यात जागा नव्हती. बांधणाऱ्याने आपल्या समजुतीतलं घर बांधलं आणि राहणाऱ्याच्या समजुतीतलं घर त्याला माहीत नव्हतं. संकटाच्या पहिल्या आठवड्यात न विचारता धावून जाणं हा धर्म आहे, कारण ढिगाऱ्याखालच्या माणसाला अर्ज करता येत नाही. पण दुसऱ्या महिन्यातही न विचारता काम चालू राहिलं की मदतीची मालकी होते.

इथे मदतीच्या नीतीचा एक मूळ मुद्दा येतो. मार्सेल मॉस या फ्रेंच विचारवंताने १९२५ मध्ये दानावर एक निबंध लिहिला. सार असं की माणसांच्या जगात फुकटची भेट नसतेच. देणं, घेणं आणि परत करणं, या तिन्हींची साखळी असते. हे कळायला मॉस वाचायची गरज नाही, आपल्या आयाबायांना ते ठाऊक आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत करत नाहीत. आता जो देतो आणि परत घ्यायला कधी थांबतच नाही, तो काय करतो? तो समोरच्याला कायमचा ऋणी करून निघून जातो. वाटी परत करायची संधी हिरावून घेणं, हा दानातला अपमान आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत. त्यातलं सात्त्विक दान परतफेडीची अपेक्षा न ठेवता, पण देश, काळ आणि पात्र पाहून दिलेलं. आम्ही त्याला एक जोड देऊ : देणाऱ्याने अपेक्षा ठेवू नये हे ठीक, पण घेणाऱ्याचा परत करण्याचा हक्क त्याने नाकारू नये.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी हे व्याख्यान पुण्यात न देता युसूफ वडगावात देण्यात अर्थ आहे.

तुमच्या केज तालुक्यातून, सगळ्या बीड जिल्ह्यातून, दरवर्षी दिवाळीच्या आसपास माणसं बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात. पाच-सहा महिने परक्या मुलुखात, पाचटाच्या कोपीत. कर्नाटकात गेलेला कामापुरती कन्नड शिकतो, तिथल्या दुकानदाराशी, ट्रॅक्टरवाल्याशी, शेतकऱ्याशी बोलतो. तिथलं खातो, तिथले सण बघतो. कधी बाळंतपणही तिथेच होतं. सांगा, याला काय म्हणायचं? जाहिरातीतल्या व्याख्येने हे शंभर टक्के इमर्शन आहे. आणि आपल्या ताटातली साखर बघता समाजोपयोगी कामही आहे. पण याला प्रमाणपत्र नाही. कुठल्या अर्जात ‘आंतरराज्यीय अनुभव’ म्हणून हे लिहिता येत नाही. एकाने पैसे भरून पंधरा दिवस परक्या मुलुखात घालवले तर त्याचं व्यक्तिमत्त्व घडतं, दुसऱ्याने पोटासाठी सहा महिने घालवले तर त्याच्या पोरांची शाळा बुडते. प्रवास तोच. मोल कुणाच्या प्रवासाला द्यायचं, हे ठरवणारी आपली नजर मात्र चुकीच्या जागी बसलेली आहे.

युसूफ हे नाव ऐकलं की आम्हाला कुराणाच्या बाराव्या सूऱ्यातली आणि बायबलमध्येही असलेली गोष्ट आठवते. भावांनी विहिरीत टाकलेला, परदेशात विकला गेलेला मुलगा. स्वेच्छेने गेलेला नव्हे. तोच पुढे मिसर देशात सुकाळाच्या वर्षांत धान्य साठवतो आणि दुष्काळात लोकांना जगवतो. दुष्काळाच्या मुलुखात ही गोष्ट वेगळी सांगायला नको. परदेशी जाऊन सेवा केल्याच्या कथांमध्ये ही फार मोठी कथा आहे, आणि तिचा नायक स्थलांतरित मजूर आहे, पाहुणा नाही. तेव्हा कोयता घेऊन गेलेल्या माणसाकडे ज्ञान नाही, असं कुणी समजू नये.

मग करायचं काय? मुलांचा प्रश्न तसाच उरलाय : जावं की नाही?

आमचं म्हणणं असं. जावं. जरूर जावं. विहिरीतल्या बेडकाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण आपण कोण म्हणून जातोय, हे स्वतःशी खरं बोलावं. हातात कसब असेल, बोलावणं असेल, राहायची तयारी असेल, तर सेवक म्हणून जा, कोटणीसांचा रस्ता उघडा आहे. हे नसेल तर विद्यार्थी म्हणून जा, आणि तसं उघड सांगा. त्यात काही कमीपणा नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तिथे जवळपास तीन वर्षं राहिल्या. तिथली शाळा पाहिली, बायकांच्या संघटना पाहिल्या, सार्वजनिक जीवन पाहिलं. परत येऊन १८८९ मध्ये मराठीत अमेरिकेच्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिलं. त्यात कौतुक आहे, तशी तिथल्या वर्णभेदावर टीकाही आहे. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन उघडलं. आपण अमेरिकेचा उद्धार करून आलो, असं त्या कुठे म्हणाल्या नाहीत. बघायला गेल्या, शिकल्या, आणि सेवा परत येऊन आपल्या भाषेत केली.

यजमानाने कसं वागावं याचा धडा तर शेजारीच आहे. जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे आरोग्यप्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे देशोदेशींचे विद्यार्थी येतात, पण मदत करायला नव्हे, शिकायला. आणि शिकवणाऱ्यांत कोण? गावोगावच्या आरोग्य सेविका, ज्यांच्यातल्या अनेकजणी कामाला लागल्या तेव्हा निरक्षर होत्या. बाळंतपण सुखरूप कसं करायचं, गावातली जातीची अढी कशी सोडवायची, हे त्या परदेशी डॉक्टरांना समजावून सांगतात. पाहुणा तिथे शिष्य आहे. आणि शिष्याने दिलेला पैसा ही गुरुदक्षिणा होते, भीक होत नाही. वाटी परत केली जाते.

म्हणून शेवटचं बोलणं तरुणांइतकंच गावाशी आहे. आज ना उद्या कुणीतरी परदेशी तरुणांचा गट घेऊन इथेही येईल. शाळा रंगवू म्हणेल. रंग चांगला, पण आपल्या गावात रंगारी आहे, त्याचा रोज बुडेल. तेव्हा ग्रामसभेने विचारावं : तुम्हाला कुणी बोलावलं? किती दिवस राहाल? मराठी शिकाल का? हुकूम कुणाचा चालेल? तुमच्यानंतर काम कोण पुढे नेईल? आणि आमच्याकडून काय शिकून जाल? या सहा प्रश्नांची उत्तरं आली तर त्यांना घरात घ्या, भाकरी खाऊ घाला, मांजरा धरण दाखवा, २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी का आणावं लागलं ते समजावून सांगा. उसाच्या फडाची गोष्ट सांगायला कोयता चालवणाऱ्या बाईलाच उभं करा आणि तिला त्या तासाचे पैसे द्या. उत्तरं आली नाहीत तर पाहुणचार करा, पाणी द्या आणि हात जोडा.

आणि इथल्या ज्या मुलामुलींना परदेशी जायचंय, त्यांनी हेच सहा प्रश्न स्वतःला विचारावेत. त्यात एक सातवा आम्ही घालतो : ज्या अनोळखी माणसाची सेवा करायला मी हजारो मैल जातोय, त्याच्यासारखाच एखादा माणूस दिवाळीनंतर माझ्या गल्लीतून ट्रॅक्टरमध्ये बसून जातो, त्याचं नाव मला माहीत आहे का? या प्रश्नाने कुणाचं तिकीट रद्द व्हावं, अशी आमची इच्छा नाही. दोन्ही माणसं एकाच नजरेने बघता यावीत, एवढीच आहे.

 आता तुमचे प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून आला तर बरं.